एका वेळी एकच स्क्रू

इंजिन बिघडलं की माणसाचा हात आधी स्क्रूकडे जातो. मोटारसायकल असो, पाण्याचा पंप असो की छोट्या विमानाचं मुठीएवढं इंजिन, सगळीकडे हेच दिसतं. स्क्रू बाहेर असतो, डोळ्यांना दिसतो आणि फिरवला की आपण काहीतरी केलं असं वाटतं. दोष मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, यंत्रं हा माझा विषय नाही. तरीही गेल्या आठ-नऊ महिन्यांत एका जुन्या ग्लो इंजिनामुळे या गोष्टीवर बराच विचार झाला. तो इथे मांडतो.

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सिंधी कुटुंबाचं फर्निचरचं दुकान आहे. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांना सगळे दादा म्हणायचे. ते कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते. या विंगमध्ये विमानांचे छोटे नमुने बनवणं आणि उडवणं हा प्रशिक्षणाचाच भाग असतो. दादा गेले, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या मुलाला माळ्यावर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात जपानच्या ओ. एस. कंपनीचं एक इंजिन, दोन पंखे, एक प्लॅस्टिकची टाकी, पिवळी पडलेली नळी आणि कागदात गुंडाळलेले तीन प्लग होते. "सर, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लावा," म्हणत त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

इंजिन पूर्ण जाम होतं. पंखा हलेना. मी ते मोहल्ल्यातल्या एका मुलाकडे नेलं. हा मुलगा उर्दू माध्यमातून दहावीला बसला होता, बाकी सगळ्या विषयांत पास आणि मराठीत नापास. मार्चच्या परीक्षेचा फॉर्म भरायची तारीखही त्याने घालवली होती आणि एका गॅरेजमध्ये काम करत होता. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड घ्यायची त्याची इच्छा होती, पण त्यासाठी दहावी पास लागते. त्याचे अब्बा मला म्हणाले होते, "सर, इसका मराठी का कुछ करो." म्हणून मी त्याला अट घातली. इंजिन तू दुरुस्त करायचं, पण जे करशील ते रोज एका वहीत मराठीतून लिहायचं. तारीख, काय दिसलं, काय बदललं, पुढे काय झालं. चार ओळी पुरे.

आता या इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं. ते .२५ घनइंचाचं, म्हणजे साधारण चार सीसीचं टू-स्ट्रोक आहे. मोटारसायकलच्या इंजिनात प्रत्येक स्फोटासाठी प्लगमधून ठिणगी पडते. इथे ठिणगी नाही. प्लगमध्ये प्लॅटिनम मिश्रधातूच्या तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरू करताना दीड व्होल्टची बॅटरी लावून ते लाल करायचं. एकदा इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. मग दाब, आधीच्या स्फोटाची उष्णता आणि प्लॅटिनमचा गुणधर्म या तिघांच्या जोरावर तार तापलेली राहते. मिथेनॉलची वाफ गरम प्लॅटिनमला लागली की त्याच्या पृष्ठभागावर तिचं ज्वलन होतं आणि तार आणखी तापते. ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात प्लॅटिनमची तार ज्वाळेशिवाय लाल राहते, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८१७ मध्येच दाखवलं होतं. त्यावर चालणारा छोट्या इंजिनांचा प्लग अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७ मध्ये बाजारात आणला. त्याआधी छोट्या विमानालासुद्धा कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी असं सगळं ओझं वाहावं लागायचं.

इंधन म्हणजे मिथेनॉल आणि तेल. जास्त ताकदीसाठी त्यात नायट्रोमिथेन घालतात, पण त्याशिवायही चालतं. जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या वेगाच्या काही स्पर्धांत तर ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के तेल हेच इंधन ठरवून दिलेलं असतं. आम्ही तेच प्रमाण धरलं आणि तेल घेतलं एरंडेल.

मिथेनॉलचा डबा घरात आला तेव्हा अम्मीने वास घेऊन विचारलं, "शराब तो नहीं है ये?" प्रश्न चुकीचा नव्हता. रसायनशास्त्रात मिथेनॉल हा अल्कोहोलच. आणि अल्कोहोल हा शब्द मुळात अरबी 'अल-कुह्ल', म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा. बारीक भुकटीला वापरला जाणारा हा शब्द युरोपात जाऊन आधी कोणत्याही पदार्थाच्या अर्काला आणि पुढे दारूच्या अर्काला लागला. डोळ्यांसाठीचा शब्द अशा द्रवाला लागला जो डोळेच घालवतो, कारण मिथेनॉलचे काही घोट माणसाला आंधळं करतात आणि जीवही घेतात. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. ते त्वचेतूनही शरीरात जातं. उन्हात त्याची ज्वाळा जवळजवळ दिसत नाही. म्हणून आमचे नियम पहिल्या दिवशीच ठरले. डब्यावर उर्दू, मराठी आणि हिंदीत 'जहर' लिहायचं, डबा कुलपात ठेवायचा, हातमोजे घालायचे, मिश्रण उघड्यावर करायचं, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीच भरायचं नाही. बिल मी फाइलला लावून ठेवलं.

बिलाचं कारण वेगळंही आहे, आणि ते या ब्लॉगच्या वाचकांना फार समजावून सांगायला नको. मुलाचे अब्बा एका संध्याकाळी घरी आले. त्यांना इंजिनाची भीती नव्हती. बॅटरी, तारा, स्पिरिटसारखा वास, कर्कश आवाज आणि आपल्या मुलाचं नाव, हे सगळं एकत्र कोणी पाहिलं तर काय, ही भीती होती. मला त्यांची समजूत काढता आली नसती, कारण त्यांची भीती मलाही कळते. मी एवढंच केलं की जे करायचं ते दिवसाढवळ्या, कागदपत्रांसह आणि चार लोकांसमोर करायचं ठरवलं. विमान उडवायचं नाही, हेही ठरवलं. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण किंवा छंदासाठी डोळ्यांसमोर उडवल्या जाणाऱ्या छोट्या विमानांना सवलती आहेत. पण मुंबई परिसरात ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटची छोटी विमानं यांच्यावर पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, आणि एका सतरा वर्षांच्या मुलाला नियमाचं कलम वाचून दाखवायची वेळ यावी असं मला वाटत नव्हतं. म्हणून आमचं इंजिन एका जाड फळीवर बोल्टने पक्कं बसवलं. ते जागेवरच चालतं. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला ओळखीच्यांचं शेत आहे. रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवर फळी बांधून तिथे जायचो. लोकलने गेलो नाही, कारण रेल्वेत ज्वलनशील पदार्थ नेता येत नाहीत. गल्लीत चालवलं असतं तर आवाजाने शेजारीच आमच्यावर धावून आले असते.

पहिलं काम जाम सोडवायचं. मुलगा पाना घेऊन जोर लावायच्या बेतात होता. पण टू-स्ट्रोकमध्ये इंधनातलं एरंडेल आतच राहतं आणि वर्षानुवर्षं पडून डिंकासारखं घट्ट होतं. तो गंज नव्हता, डिंक होता. केस वाळवायच्या मशीनने इंजिन गरम केलं, पातळ तेलाचे थेंब सोडले, एक दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम केलं आणि पंखा हाताने फिरला. पण वरच्या टोकाला पिस्टन अडकून चिरचिरत होता. मुलगा म्हणाला, "पॉलिश पेपर मारू का, सर?" तिथे थांबलो ते बरं झालं. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. पितळी स्लीव्हला आतून कठीण धातूचा मुलामा असतो आणि ती वरच्या बाजूला किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन वर घट्टच बसतो. तापल्यावर पितळ जास्त प्रसरण पावतं आणि जागा बरोबर होते. घट्टपणा हा दोष नव्हता, तशीच त्याची रचना होती. पॉलिश पेपर मारला असता तर इंजिन कायमचं गेलं असतं.

दुसरं काम प्लगचं. बाहेर काढून बॅटरी लावली. एक प्लग लागलाच नाही, दुसरा अर्धवट तांबूस झाला, तिसरा झकास केशरी. इथे बॅटरीही तपासावी लागते. प्लग दोन-तीन अँपिअर ओढतो. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल मीटरवर दीड व्होल्ट दाखवतो, पण प्लगला लावला की मान टाकतो. मोठा सेल किंवा चार्जिंगचा १.२ व्होल्टचा दणकट सेल हवा.

मग खरी परीक्षा. सुई अडीच फेरे उघडली, मुलाने रबर चढवलेल्या दांडीने पंखा फिरवला, इंजिन पेटलं, दहा सेकंद किंचाळलं आणि बंद पडलं. पुन्हा तसंच. चौथ्या वेळी त्याचा हात सुईकडे गेला. मी म्हटलं, आधी वहीत लिही. त्याने लिहिलं: "इंजन चालू झाला. आवाज बारीक झाला. बंद पडला."

आवाज बारीक होत जाणं ही मोलाची खूण होती, आणि ती त्याच्या कानाने पकडली होती. आवाज बारीक, चढा होत गेला आणि इंजिन बंद पडलं, तर त्याला इंधन कमी पडतंय. आवाज जाड, धूर भरपूर आणि बॅटरी काढताच बंद, तर इंधन जास्त होतंय किंवा प्लग कमजोर आहे. यात दुप्पट धोका इंधन कमी पडण्याचा, कारण या इंजिनाचं वंगणही इंधनातूनच येतं. इंधन कमी म्हणजे तेलही कमी. गॅरेजमधल्या सवयीने त्याला उलट वाटत होतं की इंधन फार जातंय, सगळं ओलं होतंय. पण एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते आणि मिथेनॉलला साडेसहा किलोच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून जास्त लागतं. ओलं दिसणारच.

मग इंधन कमी का पडतंय? सुई उघडून ते जास्त सोडता आलं असतं, दोन मिनिटं चाललंही असतं. पण आम्ही मागून पुढे गेलो. टाकी, टाकीतली जड टोकाची नळी, बाहेरची नळी, कार्ब्युरेटरचा रबरी ओ-रिंग, मागच्या झाकणाचं पॅकिंग. नळी तपासायची रीत त्यानेच सुचवली. सायकलच्या पंक्चरसारखं घमेल्यात पाणी घेतलं, नळीचं एक टोक दाबलं आणि दुसऱ्यातून फुंकलं. टाकीला जोडायच्या टोकापाशी बुडबुड्यांची बारीक रांग उठली. सुईच्या टोकाएवढं भोक. इंजिन तिथून हवा घेत होतं. नवी सिलिकॉनची नळी बसवली. ओ-रिंग कडक झाला होता, तोही बदलला. झाकणाचं पॅकिंग गॅरेजच्या कागदातून त्याने कात्रीने कापलं. टाकीही जागेवर नव्हती. ती सुईच्या पातळीवर किंवा बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खाली हवी, आणि फळीच्या थरथरीने इंधनाला फेस येऊ नये म्हणून तिच्याखाली फोम हवा. एका रविवारी एकच बदल करायचा, हा नियम. नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही.

हे सगळं झाल्यावर सुईची पाळी आली, आणि तेव्हा तिने मुकाट्याने ऐकलं. थ्रॉटल पूर्ण उघडायचं, मागे उभं राहून सुई हळूहळू आत घ्यायची, वेग चढून थांबला की ती पुन्हा थोडी उघडायची, म्हणजे मिनिटाला दोन-तीनशे फेरे कमी होतील. पडताळणीसाठी नळी क्षणभर चिमटीत धरायची. वेग जरा चढला तर ठीक. लगेच पडला तर इंधन आधीच कमी आहे. मग फळी पुढून उचलून इंजिनाचं नाक वर करायचं. चढताना विमानाला हीच परीक्षा द्यावी लागते. शेवटी मंद चाल बघायची. अर्धा मिनिट सावकाश चालू द्यायचं आणि एकदम थ्रॉटल द्यायचा. फटकन बंद पडलं तर मंद चालीचं मिश्रण पातळ. धूर सोडत अडखळत उठलं तर इंधन जास्त.

फेरे मोजायला प्रकाशावर चालणारं छोटं मीटर मागवलं. ते खरं सांगतं का, हे तपासायची युक्ती मुलाला फार आवडली. आपली वीज ५० हर्ट्झची. जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दोन पात्यांच्या पंख्याच्या सेटिंगवर मीटर ट्यूबकडे धरलं की ३००० दिसलं पाहिजे. दिसलं. थंडीच्या सकाळी हवा दाट, म्हणून सुई थोडी उघडावी लागते, आणि उन्हाळ्याच्या दमट दुपारी थोडी आत घ्यावी लागते, हे त्याने पुस्तकाआधी स्वतःच्या वहीतून ओळखलं. एकाच पंख्यावर पहिल्या महिन्यापेक्षा हजारभर फेरे वाढले, आणि इंधन तेच, नायट्रोमिथेनचा एक थेंब नाही. नवी ताकद आम्ही घातली नव्हती. जिथून ती गळत होती ती ठिकाणं बंद केली होती.

वहीचंही असंच झालं. त्याच्या शाळेच्या जुन्या मराठीच्या वह्या मी पाहिल्या. पानभर लाल शाई. काना, मात्रा, लिंग, विभक्ती, अक्षर, सगळ्यावर एकाच वेळी खुणा. असं पान पाहून मुलगा एकच निष्कर्ष काढतो की आपल्याला मराठी येत नाही. पण हा मुलगा दुकानात, रिक्षात मराठी बोलतो. मग गळती कुठे? मी लाल पेन न उचलता त्याची इंजिनाची वही सलग वाचली. चुका पन्नास दिसत होत्या, कारणं दोन-तीनच होती. "इंजन चालू झाला." "तेल टाकला." "पाणी भरला." उर्दूत दोनच लिंगं आहेत, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. मराठीतलं नपुंसकलिंग त्याला ऐकून माहीत होतं, पण लिहिताना उर्दूचं पुल्लिंग हातात यायचं. इंजिन, तेल, पाणी, पॅकिंग, झाकण, भोक. त्याच्या कामाच्या अर्ध्या वस्तू नपुंसकलिंगी! दुसरं, उर्दूत ळ नाही आणि ण लिहायची वेळ फारशी येत नाही. म्हणून नळी झाली 'नली' आणि आणि झालं 'आनी'. बाकी चुका याच्याच मागोमाग आलेल्या.

पहिले दोन महिने मी फक्त 'झालं, टाकलं, भरलं' यावर खूण केली. 'नली' तशीच राहू दिली. ते बसल्यावर ळ घेतला. मग सामान्यरूपं. एका वेळी एकच स्क्रू. उर्दू माध्यमाची मुलं मराठीत कच्ची असतात, असं सरसकट बोललं जातं, शिक्षकांच्या खोलीतही आणि आपल्या घरांतही. कच्ची म्हणजे नक्की कुठे कच्ची, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही. आणि उत्तर मुलाच्या चुकांतच लिहिलेलं असतं, फक्त त्या सलग वाचाव्या लागतात. त्या वहीत त्याची मातृभाषाही दिसते. ती शत्रू नाही. ती कुठे मदत करते आणि कुठे आडवी येते, एवढं मुलाला कळलं तरी पुष्कळ आहे.

पुरवणी परीक्षेचा मराठीचा पेपर त्याने दिला आहे. निकाल यायचा आहे. अंबरनाथच्या आयटीआयची माहिती त्याने स्वतः जाऊन आणली. पावसाळ्यात मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आत राहिलेल्या इंधनाने बेअरिंग गंजतात, म्हणून इंजिन आता बंद ठेवलं आहे. ते काम मी पाहायला गेलो नाही. नंतर वही उघडली तर त्या दिवशीच्या चार ओळी होत्या: "नळी काढून टाकी रिकामी केली. उरलेलं इंधन जाळून इंजिन बंद केलं. आत तेल सोडलं आणि पंखा हाताने फिरवला. कापडात गुंडाळून डब्यात ठेवलं."

मी पानावर फक्त तारीख घातली. दुसरी खूण करायला जागा नव्हती.